वाचकांचे प्रश्न : क्योतोच्या राजउद्यानातील एक तास

गेल्या अंकात जपानमधील बागांविषयी लिहिताना क्योतोच्या पश्चिमेस असलेल्या 'कात्सुरा रिक्यू' या राजनिवासाचा मी ओझरता उल्लेख केला होता. रिक्यू म्हणजे मुख्य राजवाड्यापासून दूर, निवांत जागी बांधलेला राजघराण्याचा वाडा. त्या चार ओळींवर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांचे एकच पत्र घेतले आहे.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आम्ही उभयता आठ दिवसांसाठी जपानला जाणार आहोत. आपण कात्सुराचा उल्लेख केलात म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की तेथे आपल्या मर्जीने फिरता येत नाही. ठरलेल्या वेळी गटाने आत जायचे, मार्गदर्शकाच्या मागून चालायचे, आणि गटाच्या शेपटाला आणखी एक कर्मचारी असतो, तो रेंगाळणाऱ्यांना पुढे घेतो. आमच्या समजुतीने बाग ही निवांत बसण्याची जागा. तासाभरात बाहेर काढणार असतील, तर त्याऐवजी एखाद्या मंदिराच्या बागेत दोन तास बसलेले काय वाईट? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाईट काहीच नाही, आणि आपल्याला खरोखर बसायचेच असेल तर मी आपल्याला र्‍योआन-जी मंदिराच्या ओसरीवर बसायला सांगेन. तेथे पांढऱ्या खडीत पंधरा दगड मांडलेले आहेत, आणि ते चालत पाहायचे नसून बसून पाहायचे आहेत. कात्सुराची बाग मात्र त्या जातीची नाही. तिला जपानी भाषेत 'काइयू-शिकी', म्हणजे तळ्याभोवती फिरत पाहण्याची बाग, असे म्हणतात, आणि ती कोणत्या क्रमाने, कोठून, मान वर करून की खाली घालून पाहायची, हे तिच्या मालकांनी सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले आहे. आज पुढे चालणारा मार्गदर्शक ही सरकारी सोय आहे हे खरे; पण मार्गदर्शक नसता तरी ती वाट आपल्याला जवळपास तशीच घेऊन गेली असती.

उदाहरण द्यायचे तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आवारात शिरल्यावर तळे अगदी जवळ असते, पण ते दिसत नाही. तळ्यात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिराच्या टोकावर पाइनचे एक लहानसे झाड लावलेले आहे, दोन्ही बाजूंना कातरलेल्या झुडपांच्या भिंती आहेत, आणि नजर सरळ जाऊन त्या झाडावर थांबते. त्याचे नाव सुमियोशीचा पाइन. पण लोक त्याला 'त्सुइताते-मात्सु', म्हणजे आडोशाचा पाइन, असेही म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून थेट माजघर दिसू नये म्हणून जशी आडभिंत असे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे झाकायचे आहे ते घर नसून तळे आहे, आणि झाकणारी भिंत जिवंत आहे. पाहुण्याने सगळे एकदम पाहू नये, हा या बागेचा पहिला नियम.

दुसरा नियम पायांखाली आहे. राजाच्या वाटेवर बारीक गोटे इतके दाटीने बसवले आहेत की त्या फरसबंदीला 'आरारे-कोबोशी', म्हणजे सांडलेल्या गारा, असे नाव पडले. त्या वाटेवर चालताना मान वर ठेवता येते. पुढे वाट सुटते आणि सुटे दगड लागतात, अंतर कमीजास्त, उंचीही कमीजास्त. तेथे प्रत्येक पाऊल पाहूनच टाकावे लागते, म्हणून नजर आपोआप खाली जाते. मग मध्येच एक मोठा, ऐसपैस दगड येतो. पाय थांबतो, मान वर होते, आणि नेमके त्या जागेवरून जे दिसायला हवे ते समोर असते. हा योगायोग एकदा घडला असता तर मी तो सोडून दिला असता. तासाभरात तो अनेकदा घडतो.

यानंतर गवताने शाकारलेली एक उघडी छपरी लागते आणि तिच्यात बाक आहे. चहाच्या विधीला आलेल्या पाहुण्याने यजमान बोलावीपर्यंत येथे बसून राहायचे, असा संकेत होता. त्या बाकासमोर सायकसची झाडे लावलेली टेकडी आहे. ही झाडे दक्षिणेकडील शिमाझु या सरदार घराण्याकडून भेट आली, असे परंपरा सांगते. हिवाळ्यात ती गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून ठेवतात. आपल्याकडे सायकस बंगल्याच्या फाटकापाशी कुंडीत असतो, त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही; पण क्योतोच्या दरबारी पाहुण्याला तो परमुलखाचा प्राणी वाटला असणार. ही टेकडीही पुन्हा तळे झाकते. ती ओलांडली की पाणी उघडे होते: काळसर गोट्यांची एक जीभ पाण्यात गेलेली, तिच्या टोकावर दीपगृहासारखा ठेवलेला एक ठेंगणा दगडी दिवा, आणि त्यापलीकडे लहान बेटांना जोडणारे दगडी पूल. हे 'आमानोहाशिदाते' या समुद्रकाठच्या प्रसिद्ध देखाव्याचे छोटे रूप आहे. पुढे एकाच अखंड शिळेच्या पुलावरून 'शोकिन्तेइ' या चहाघराशी जातो. तेथे आतल्या भिंतीवर आणि सरकत्या दारांवर निळ्या-पांढऱ्या कागदाचे मोठे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे चिकटवलेले आहेत. सतराव्या शतकातल्या त्या अंधाऱ्या, मातकट रंगाच्या खोलीत ते पाहताना क्षणभर काळाचा हिशेब चुकतो. त्याच चहाघराच्या ओसरीत, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर, चूल मांडलेली आहे. स्वयंपाक लपवायचा नाही, तोही पाहण्याचाच भाग.

तेव्हा मागून चालावे लागते याचे मला फारसे दुःख वाटत नाही. या बागेत पाहुणा कधीच एकटा फिरत नव्हता. यजमान त्याला नेत असे, थांबवत असे, बोलावत असे. जेथे जायचे नाही तेथे आजही मुठीएवढा दगड काळ्या सुंभाने बांधून वाटेवर ठेवलेला दिसतो. त्याला 'सेकिमोरी-इशी' म्हणतात, म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी दगड, आणि ना पाटी ना साखळी, एवढ्यानेच पाहुणा वळतो. आपली तक्रार अर्धी मात्र रास्त आहे. ज्या ओसरीवर बसून तळे पाहायचे, तिच्यावर बसता येत नाही; इमारतींच्या आत प्रवेश नाही. तळ्यात होडी फिरत असे, आणि काही देखावे पाण्यावरूनच पाहण्यासाठी रचलेले आहेत. ते आपल्या वाट्याला येत नाहीत. म्हणजे यजमानाने चालवायचे आणि मग बसवायचे, यातले पहिले उरले आहे आणि दुसरे गेले आहे.

एक अनुभवाची गोष्ट सांगते. मार्गदर्शक बोलू लागला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि समोरचा देखावा डोक्यांनी भरून जातो. अशा वेळी मागे राहावे. बोलणे संपून गट सरकला की अर्धा मिनिट ती जागा फक्त आपली असते. शेवटचा कर्मचारी हात पुढे करून नम्रपणे चालायला सांगतो, पण ते अर्धे मिनिट तो देतो. आणि सुट्या दगडांवर चालताना छायाचित्रे काढू नयेत. दगड ओले असतील तर पाय घसरतो, आणि कोरडे असले तरी ज्या क्षणी मान वर करायची तो क्षण कॅमेऱ्याच्या पडद्यात निघून जातो.

प्रश्न : परवानगी कशी काढावी आणि किती आधी? आम्ही चौघे आहोत, त्यात एक शाळकरी मुलगा. — एक वाचक, बंगळूर

उत्तर : कात्सुरा आणि त्याच्यासारखीच क्योतोतील राजघराण्याची दोन ठिकाणे, शुगाकुइन आणि सेंतो, ही तिन्ही स्थळे जपानच्या राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या क्योतो कचेरीकडे आहेत. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावरून करता येतो, साधारण तीन महिने आधी दिवस खुले होतात, आणि शरद ऋतूतील पानगळीचे दिवस फार लवकर भरतात. येणाऱ्या प्रत्येकाची माहिती अर्जातच द्यावी लागते आणि प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो; म्हणून नाव पासपोर्टावर आहे तसेच, वडिलांच्या नावासकट असेल तर त्यासकट लिहावे. आपल्या मराठी नावांची या बाबतीत हमखास ओढाताण होते. अर्ज हुकला तर त्याच दिवशी मिळणाऱ्या थोड्या जागा असतात. सकाळी लवकर जाऊन विचारण्यात काही गमावत नाही.

कात्सुरासाठी २०१८ च्या नोव्हेंबरपासून मोठ्या माणसांना १,००० येन शुल्क आहे. मुलांसाठी किमान वयाची अट आहे आणि ती तिन्ही ठिकाणी सारखी नाही, तेव्हा मुलाचे वय पाहून आधी स्थळ ठरवावे आणि मग तारीख. सोमवारी सहसा बंद असते. शहराच्या मध्यभागी असलेला क्योतोचा मुख्य राजवाडा मात्र २०१६ पासून अर्जाशिवाय पाहता येतो. मुलाच्या वयामुळे इतर ठिकाणे अडली तर तेथे जावे. कात्सुराला जायला हान्क्यू रेल्वेचे कात्सुरा स्थानक सोयीचे, तेथून वीस मिनिटे चालावे लागते. जाताना नदीच्या बाजूचे कुंपण पाहायला विसरू नये: जिवंत बांबू मुळापासून न तोडता वाकवून चौकटीवर विणलेले आहेत, म्हणजे कुंपण बाहेरून दिसते ती बांबूच्या पानांची हिरवी भिंत. ते पाहायला ना अर्ज लागतो ना शुल्क.

प्रश्न : छायाचित्रे पाहून माझी निराशा झाली. राजाची बाग म्हटली की डोळ्यांसमोर कारंजी, रेखीव वाफे आणि संगमरवर येतो. येथे तर गवताचे छप्पर, मातीच्या भिंती आणि एक तळे. हे राजघराणे गरीब होते का, की साधेपणा हीच त्यांची आवड होती? — एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण त्याची दोन्ही उत्तरे थोडीथोडी बरोबर आहेत.

कात्सुराचा आरंभ ज्यांनी केला ते हाचिजो घराण्याचे राजपुत्र तोशिहितो (१५७९–१६२९). सम्राट गोयोझेई यांचे ते धाकटे भाऊ. त्या काळी देशाची खरी सत्ता तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीच्या हाती होती आणि त्याला मूल नव्हते, म्हणून त्याने या राजपुत्राला दत्तक घेतले. पण १५८९ मध्ये हिदेयोशीला मुलगा झाला आणि दत्तकविधान मोडले. भरपाई म्हणून तोशिहितोंना स्वतंत्र घराणे आणि उत्पन्न मिळाले. मराठी वाचकाला दत्तकाच्या भानगडी नव्या नाहीत. येथे विशेष इतकेच की दत्तक गेलेल्या या मुलाने पुढे गादीसाठी तलवार काढली नाही, कवितेकडे तोंड वळवले.

कविता म्हणजे फावल्या वेळचा छंद नव्हे, हे समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. 'कोकिन्शू' या दहाव्या शतकातल्या राजसंमत काव्यसंग्रहाचा अर्थ गुरूने शिष्याला तोंडी सांगायची एक परंपरा होती, आणि १६०० साली ती होसोकावा यूसाई या वृद्ध सरदाराजवळ होती. तोशिहितो त्यांच्याकडे शिकत होते. त्याच वर्षी यूसाई तानाबेच्या किल्ल्यात मूठभर माणसांनिशी वेढले गेले. म्हातारा मेला तर परंपरा मरेल, या भीतीने तोशिहितोंनी माणसे पाठवली, दरबाराने मध्यस्थी केली आणि सम्राटाच्या आज्ञेने वेढा उठला. कवितेच्या अर्थासाठी किल्ल्याचा वेढा उठल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढे देशाची सत्ता तोकुगावा या सरदार घराण्याकडे गेली, आणि १६१५ मध्ये त्यांच्या शासनाने दरबारासाठी नियमावली काढली. तिच्या पहिल्याच कलमात सम्राटाने विद्या आणि कला यांत लक्ष घालावे असे लिहिले होते. त्याचा न लिहिलेला अर्थ असा की राज्यकारभारात घालू नये. क्योतोच्या दरबाराजवळ मान होता, वंश होता, हजार वर्षांचे वाङ्मय होते. सैन्य नव्हते, आणि पैसाही बेताचा. कात्सुराची पहिली इमारत याच सुमारास उभी राहिली. तोशिहितोंनी स्वतः तिचा उल्लेख कलिंगड-खरबुजांच्या मळ्यातले साधे चहाघर अशा शब्दांत केला होता. ते १६२९ मध्ये वारले तेव्हा मुलगा तोशितादा दहा वर्षांचा होता, आणि काही वर्षे वाडा ओस पडला. तोशितादांचे लग्न १६४२ मध्ये कागा प्रांताच्या माएदा या अतिशय श्रीमंत सरदार घराण्यात झाले, आणि त्यानंतर बागेला आजचे रूप आले. म्हणजे आपण म्हणता ती गरिबी वडिलांच्या काळात होती. मुलाच्या काळात पैसा होता, तरी गवताचे छप्पर तसेच ठेवले.

येथे साधेपणा हा शब्द जपून वापरावा असे मला वाटते. 'शोइकेन' या चहाघरात एका ओळीत सहा गोल खिडक्या आहेत. भिंतीला मातीचा गिलावा करताना आतल्या कामट्या तेवढ्या जागी उघड्या ठेवल्यासारखे दिसते. पाहताना वाटते की गवंड्याने काम अर्धवट सोडले. आणि मग लक्षात येते की प्रत्येक खिडकीतल्या कामट्यांची मांडणी वेगळी आहे. ही शेतकऱ्याच्या घराची नक्कल आहे, पण ती करणाऱ्याने आयुष्यात नांगर धरला नव्हता. शेत मात्र खरे होते आणि अजून आहे. त्या चहाघराच्या मागच्या बाजूने बाहेरची भातखाचरे दिसतात.

आमानोहाशिदातेची गोष्टही येथेच सांगते. मूळ आमानोहाशिदाते तांगो प्रांतात, मियाझु येथे आहे. खाडीला छेदून जाणारा, पाइनने भरलेला वाळूचा लांबच लांब बांध. तोशिहितोंची पत्नी मियाझुच्या क्योगोकु सरदारांची मुलगी. बागेतली ती बेटे तिच्यासाठीच केली असे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि तो देखावा कवितेतूनही सर्वांच्या परिचयाचा होता. तरी वाड्यातल्या तळ्यात सासुरवाशिणीच्या माहेरचा समुद्रकिनारा आहे, हे कळल्यावर मला ती बेटे पूर्वीसारखी दिसेनात.

कारंजे आणि संगमरवर यांची हौस भागवायची असेल तर त्याच काळातले निक्कोचे तोशोगू पाहावे. तोकुगावा घराण्याच्या संस्थापकाचे हे समाधिमंदिर १६३६ मध्ये आजच्या रूपात उभे राहिले. सोने, रंग आणि कोरीवकाम यांनी ते खच्चून भरलेले आहे. सत्ता तेथे होती, म्हणून सोनेही तेथे. जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट १९३३ साली जपानला आला आणि ४ मे रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, त्याने कात्सुरा पाहिले. त्याने कात्सुराची मनापासून स्तुती केली आणि निक्कोवर नाक मुरडले, आणि पाश्चात्त्य जगाला कात्सुराची ओळख मुख्यतः त्याच्या लिखाणातून झाली. त्याचा निक्कोवरचा राग मला थोडा अतिरेकी वाटतो. रंगवलेले गोपूर आवडणाऱ्या माणसाला निक्कोही आवडायला हरकत नाही.

प्रश्न : माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघे दुखतात. कात्सुरा, शुगाकुइन आणि सेंतो यांपैकी एकच पाहायचे तर कोणते? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : सेंतो. शुगाकुइनचा फेरा सुमारे तीन किलोमीटरचा आणि चढाचा आहे. कात्सुराचे अंतर किलोमीटरभरच, पण सुटे दगड आणि पायऱ्या यांवर दुखरा गुडघा लवकर बोलू लागतो. सेंतोही साधारण तेवढेच, पण बराचसा भाग सपाट आणि शहराच्या मध्यभागी. तरी काही पायऱ्या आहेत, काठी बरोबर असू द्यावी.

सेंतो म्हणजे निवृत्त सम्राटाचा वाडा. सम्राट गोमिझुनोओ यांनी १६२९ मध्ये गादी सोडली, त्यांच्यासाठी हा १६३० मध्ये तयार झाला. वाडा १८५४ च्या आगीत गेला आणि पुन्हा बांधला नाही, म्हणून येथे पाहायची ती फक्त बाग: दोन तळी आणि त्यांना जोडणारा पाण्याचा पट्टा. दक्षिणेकडच्या तळ्याच्या काठावर एकसारखे, चपटे, गुळगुळीत गोटे दूरवर पसरले आहेत. ओदावारा येथील सरदाराने समुद्रकाठच्या लोकांकडून ते गोळा करवले आणि एका गोट्यामागे एक शो, म्हणजे सुमारे १.८ लिटर मापाचा तांदूळ दिला, अशी कथा आहे. म्हणून त्यांना 'इश्शो-इशी' म्हणतात. परंपरेने त्यांची संख्या एक लाख अकरा हजार सांगितली जाते. आईंना तेथे उभे करून तांदळाचा हिशेब करायला सांगा, गुडघ्याचा विसर पडेल. मे महिन्याच्या सुरुवातीस गेलात तर तळ्यावरच्या नागमोडी पुलाच्या मांडवावर विस्टेरियाचे जांभळे घोस लटकलेले दिसतील.

आईंना सोबत कोणी असेल आणि आपल्याला अर्धा दिवस मोकळा मिळाला, तर शुगाकुइनला एकटीने जावे. तेही गोमिझुनोओ यांचेच, १६५० च्या दशकात हिएई पर्वताच्या पायथ्याशी केलेले. कात्सुरा सगळे आत ओढून घेते, शुगाकुइन सगळे बाहेर सोडते. तेथे वर जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या उंच कातरलेल्या झुडपांतून जाते, चढताना पायऱ्यांखेरीज काही दिसत नाही, आणि माथ्यावरच्या 'रिन्-उन्-तेइ' या छोट्या घरापाशी वळल्यावर खाली तळे आणि त्यामागे डोंगरांच्या रांगा एकदम उलगडतात. ते तळे दरीवर बांध घालून अडवलेले आहे, आणि बांधाची भिंत दिसू नये म्हणून तिच्यावर झुडपांचे थर लावून कातरले आहेत. दूरच्या डोंगरांना बागेचा भाग करून घेण्याच्या या युक्तीला 'शाक्केई', उसना घेतलेला देखावा, असे म्हणतात. उसन्याची अडचण अशी की मधला परिसर बदलला तर देखावा जातो. म्हणूनच १९६४ मध्ये जपान सरकारने शुगाकुइनच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही वाड्यांमधली भातशेती विकत घेतली, आणि आजही गावातले शेतकरी कराराने ती कसतात. राजाच्या बागेचा मार्गदर्शित फेरा भाताच्या बांधांमधून जातो आणि गटातले निम्मे लोक त्याचीच छायाचित्रे काढतात.

प्रश्न : पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचे आहे. ते पाहिले असेल तर क्योतोला जाऊन वेगळे काय दिसेल? — एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याचे उद्यान ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचे आहे आणि तेथील कोराकु-एन या बागेच्या धर्तीवर केलेले आहे. कोराकु-एन ही राजघराण्याची बाग नव्हे, सरदाराची. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ती करवली आणि १७०० साली ती पूर्ण झाली. सरदाराजवळ जमीन होती आणि ती असल्याचे दाखवायचेही होते, म्हणून तेथे विस्तीर्ण हिरवळ आहे, आणि टेकाडावर उभे राहिले की बरेचसे एका नजरेत येते. पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. कात्सुरात एका नजरेत काहीच येत नाही. पुण्याच्या उद्यानाने कोराकु-एनचा मोकळेपणा उचलला आहे, आणि ते बरेच झाले, कारण रविवारी संध्याकाळी तेथे येणारी माणसे पाहता आडोशाच्या पाइनचा निभाव लागला नसता.

तरी पुण्यातली एक फेरी तयारी म्हणून उपयोगाची आहे. पाण्याकाठची वाट कोठे वळते, वळणावर काय नाहीसे होते आणि काय पुढे येते, एवढेच लक्षात ठेवून एकदा चालावे. ओकायामाला जायचे झाले तर ते क्योतोहून शिंकान्सेनने साधारण तासाभरावर आहे, आणि १८८४ पासून सर्वांना खुल्या असलेल्या त्या बागेत कोणी मागून हाकत नाही.

प्रश्न : कात्सुरा चंद्रासाठी प्रसिद्ध आहे असे आपण लिहिले होते. पौर्णिमेच्या रात्री ते पाहता येते का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाही, आणि माझी खरी खंत हीच आहे. नेहमीच्या फेऱ्या दिवसाच असतात.

कात्सुरा हे नावच चंद्राशी जोडलेले आहे. चंद्रावर कात्सुराचे झाड आहे, अशी चीनकडून आलेली समजूत होती. आपण चंद्रावर ससा आणि हरीण पाहतो तसेच हे. नदीकाठचा हा भाग चंद्र पाहण्यासाठी दरबारी लोकांच्या आवडीचा होता, आणि अकराव्या शतकाच्या आरंभीच्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीतल्या नायकाचाही कात्सुरात वाडा आहे. तोशिहितोंनी जागा निवडली ती हे सगळे मनात धरून. मुख्य वाड्याच्या जुन्या भागापुढे तळ्याच्या बाजूला बांबूच्या पट्ट्यांचा एक उघडा ओटा काढलेला आहे, त्याचे नाव चंद्र पाहण्याचा ओटा. शेजारच्या चहाघराचे नाव 'गेप्पारो', म्हणजे चंद्राच्या लाटांचे घर. आणि वाड्याच्या नव्या भागातल्या झरोक्याच्या जाळीत चंद्र या अर्थाचे चिनी अक्षर मोडून गुंफलेले आहे. फेरीत हा ओटा आपल्याला बाहेरून दिसतो, भर उन्हात. १९७६ ते १९८२ या काळात वाड्याचे भाग सुटे करून दुरुस्त केले आणि पुन्हा जोडले, त्यात इमारत वाचली. संध्याकाळ मात्र परत आणता आली नाही.

तरी आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. क्योतोच्या सागा भागात दाइकाकु-जी नावाचे मंदिर आहे. ते मुळात नवव्या शतकातल्या सम्राट सागा यांचा वाडा होता आणि ८७६ मध्ये त्याचे मंदिर झाले. वाड्याचे तळे, ओसावा, अजून आहे. कात्सुराहून ते आठशे वर्षांनी जुने. तेथे शरद ऋतूतल्या चंद्र पाहण्याच्या पौर्णिमेच्या सुमारास काही संध्याकाळी लोकांना आत घेतात आणि नाकाशी ड्रॅगनचे किंवा पाखराचे डोके असलेल्या होड्या पाण्यावर सोडतात. होडीत बसून पाण्यातला चंद्र पाहायचा, हे कात्सुरात जे हरवले आहे ते येथे तिकीट काढून मिळते. जपानची ही पौर्णिमा सहसा आपल्या कोजागिरीच्या आधीची असते, एखाद्या वर्षी तीच असते. तारीख दरवर्षी बदलते म्हणून विमानाचे आरक्षण करण्यापूर्वी पंचांग आणि मंदिराचे पत्रक दोन्ही पाहावे. सप्टेंबरात तेथे वादळी पाऊसही असतो. त्या रात्री पाऊस आला तर होडी कदाचित निघणार नाही, पण जपानी कवींनी त्या न दिसलेल्या चंद्रालाही नाव देऊन ठेवले आहे: 'उगेत्सु', पावसातला चंद्र.